तारखेची जागा

औंढ्याला देवळासमोर बसून बंडू भांड्यांवर नावं घालतो. आईच्या तेराव्याला पाहुण्यांना वाटायला म्हणून विश्वजीतनं तांब्याचे गडू आणले होते. तांबं मऊ, स्टीलसारखं भांडत नाही. पहिल्या गडूवर 'कै. गंगूताई यांच्या स्मरणार्थ' लगेच उमटलं.

"तारीख काय टाकू?" बंडूनं विचारलं.

"तेवढी जागा सोडून ठिवा, काका. मागून सांगतो."

स्वतःची आई गेली तेव्हा बंडूलाही दिवसवार सुचत नव्हते. त्यानं विश्वजीतला प्यायला पाणी दिलं. तेवढ्यात विश्वजीतचा फोन वाजला.

"व्हय आई, निघूनच राहिलो. गोळ्या घेतल्या तुझ्या."

बंडू अंगठ्यानं 'कै.' घासत राहिला.