टेबलावरची कात्री

आमच्या कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर आपापली कात्री टेबलावरच ठेवून घरी जातात. ज्याची कात्री जागेवर नाही, त्याने दुसरीकडे काम धरलं, असं साहेबांचं गणित. दोघं तसे गेले, तेव्हापासून साहेब रोज टेबलं तपासत फिरतात. आज सकाळी त्यांनी मला दारातच अडवलं. "काय मास्तर, कुठे जमलं?" "कसलं काय साहेब, काल धार लावायला नेली होती." मी कात्री काढून दाखवली. गोड हसून त्यांनी माझ्याकडची कापडाच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. मग दिवसभर माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून बसले. चहा पिऊन आलो, तर साहेब माझ्या डब्याचं झाकण लावत होते. सुटायच्या वेळी मी कात्री पुसली, फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. साहेब धावतच आले. "आज पुन्हा धार?" "नाही साहेब, धार चांगली लागलीय."