सोबत

मेंदूवरच्या प्रयोगांसाठी आणलेली माकडं प्रयोगशाळेचे प्रमुख सर वेगवेगळ्या पिंजऱ्यांत एकेकटी ठेवत. नवी पशुवैद्य हट्टालाच पेटली. सरांच्या दगडी काळजाला मनातल्या मनात शिव्या घालत तिने दोन माकडिणींना एकत्र ठेवायची परवानगी मिळवली. दोघी दिवसभर एकमेकींचे केस विंचरत बसू लागल्या, सुईलाही घाबरेनाशा झाल्या.

मग एकीवरचा प्रयोग संपला आणि मेंदू तपासायला तिला कायमचं झोपवलं. दुसरी जाळीला पाठ टेकवून बसली ती हलेचना, खाण्याला शिवेना. सकाळी पशुवैद्य आली, तर सर जाळीतून बोटं घालून तिच्या पाठीवरचे केस विंचरत होते.

"सर, तुम्ही?"



"म्हणून तर एकेकट्या ठेवत होतो गं," सर मागे न बघता म्हणाले, "मला हे बघावं लागत नव्हतं."