हीटरजवळची खुर्ची

खुर्चीखालचं पाणी ओघळत डेक्लनच्या दप्तरापाशी आलं. त्यानं दप्तर उचलून मांडीवर घेतलं. कोणी काही बोललं नाही. यॉर्कशायरच्या त्या गावात न बोलणं हीच सभ्यता.

रॉरी ऑक्टोबरात खाणीच्या तळ्यात बुडाला आणि पुढच्याच गुरुवारी तत्त्वज्ञान, नीती आणि धर्माच्या तासाला वेळेवर हजर झाला. जिवंतपणी पठ्ठ्या कधी वेळेवर आला नव्हता. शिपायानं त्याच्या खुर्चीशेजारी ‘फरशी ओली आहे’ अशी पिवळी पाटी ठेवली, ओल्डरॉइड सरांनी हीटर जरा वाढवला आणि शिकवणं पुढे चालू झालं. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. फरशीवर डाग अजून आहे.

आज वादविवाद होता. सरांचा नियम जुनाच : ज्यावर तुमचा विश्वास, त्याच्या उलट बाजू मांडायची. कुणाचा कशावर विश्वास आहे, हे सर आठवडाभर आधी विचारून ठेवायचे. तेव्हा खरं बोलायची चूक हेझेलनं केली होती. हेझेल म्हणजे रॉरीची जुळी बहीण.

“हेझेल, तू म्हणाली होतीस, मेल्यावरही माणूस उरतो,” सर म्हणाले. “म्हणजे आज तू...” त्यांची नजर हीटरकडे गेली. “हवं तर विषय बदलून देतो, पोरी.”

“घे ना बदलून,” डेक्लन कुजबुजला. “तू कधी हरत नाहीस, बये. उगाच...”

“उगाच काय?”

डेक्लननं दप्तर छातीशी घट्ट धरलं.

हेझेलनं मागे पाहिलं. तापलेल्या हीटरला पाठ टेकून रॉरी कुडकुडत होता. ओठ निळे. सबंध हिवाळा गेला, त्याला काही ऊब आली नव्हती. पण एक भुवई वर चढली होती. लहानपणी खेळात ती त्याच्यासाठी मुद्दाम हरायची, तेव्हा अशीच चढायची.

“नको सर. मांडते.”

सुरुवातीला आवाज अडखळला. मग मोकळा झाला. “माणूस म्हणजे श्वास, रक्त, सवयी. दिवा विझल्यावर उजेड कुठे गेला, असं आपण विचारत नाही. मग भाऊ कुठे गेला, असं का विचारतो? आपल्याला तो हवा असतो म्हणून. त्याला यायचं असतं म्हणून नव्हे.”

ती थांबली. सर घसा खाकरून म्हणाले, “ज्यांना पटलं, त्यांनी हात वर करा.”

एकही हात हलला नाही. सगळ्यांच्या माना खाली.

मग हीटरजवळून एक हात वर गेला. बाहीतून पाणी टपटपत होतं.

“गद्दारा,” हेझेल म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळे भरत होते. “आजवर तुला माझं कधी पटलं होतं रे?”

हळूहळू बाकीचे हात वर आले. डेक्लनचा सर्वांत शेवटी. सर एकेक हात मोजत हीटरपर्यंत पोचले आणि तिथंच अडकले.

हेझेल उठली. पिवळी पाटी बाजूला सारून तिनं रिकाम्या खुर्चीवर तळहात टेकवला.

“कोरडी आहे,” ती म्हणाली. हात मात्र तिनं उचलला नाही. “आणि गरम.”