पडवीतली नोंद

भाईकाकांनी खोक्याच्या तळाशी पेंढा पसरला, तेव्हा सुनीती प्लगवर हात ठेवून उभी होती. कोणालाही तो काढू द्यायचा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

"सोड गो," भाई म्हणाले. "मुंबैक नेऊन दुरुस्त करूक व्हयो. मग थंयच रवात, सत्याकडे."

भाई बोटीवर इंजिनिअर. हा जुना कंप्युटर त्यांनीच परदेशातून आणला होता आणि 'तू बीएस्सी झालंस, तूच शिक' म्हणून वालावलच्या घरात पुतणीच्या हवाली केला होता. सावंतवाडीत कंप्युटरचे वर्ग निघत होते. तिथे शिकवणारं माणूस हवं होतं आणि सोमवारी सुनीतीला यंत्रावर बसून परीक्षा द्यायची होती. सरावाला आख्ख्या गावात दुसरं यंत्र नव्हतं.

भाईंचा मुलगा सत्यवान सुटीला आला होता. तो खुर्चीत पाय हलवत बसला होता. "हिने काय दाबलं कोण जाणे," तो म्हणाला. "काहीही उघडायला जा, 'प्रोग्राम टू बिग टू फिट इन मेमरी'. नाहीतर मधेच अडकतो, कुठलंही बटण चालत नाही."

"दाबूक कित्या व्हया?" दारातून अक्का म्हणाली. अक्का भाईंची थोरली बहीण. घर तिच्या शब्दावर चालायचं. तिच्या हातात तुळशीचं पान घातलेला तांब्या होता. "भायर बसलंस तेव्हा हात लावलंस. आणि काय?"

ती शिंपडायला पुढे झाली. भाईंनी दोन्ही पंजे कीबोर्डवर आडवे धरले. "अक्का, पाणी नको! आत वीज आसा!"

सुनीती भाईंकडे वळली. "भाई, बिघाड माझ्या हातचो नाय असा दाखवलंय तर?"

भाईंनी मनगटाकडे पाहिलं. जीप चारला येणार होती. "दाखव. मग रवांदे हंयच."

सुनीतीने फळीवरची वही काढली.

"अक्का, सोळा तारखेपासून एकोणीसपर्यंत मी खंय होतंय?"

"खंय म्हणजे? पडवीत."

"आत पाऊल टाकलंय?"

"टाकूक दिलं असतंय मी? सारख्या दारात बसान होतंय."

"मग ते चार दिवस कंप्युटर कोण चालवी होतो?"

सत्यवानचा पाय हलायचा थांबला.

यंत्र अडकलं की बंद करून पुन्हा सुरू करावं लागे, आणि सुरू होताना फ्लॉपी खरखरे. पडवीत घोंगडीवर बसल्या बसल्या तिला तेवढंच ऐकू यायचं. एरवी काही कामच नव्हतं. प्रत्येक खरखर तिने वेळेसकट लिहून ठेवली होती.

"चार दिवसांत तेवीस वेळा," तिने वही भाईंपुढे धरली. "मी त्येका शिवलंयपण नाय. आणि पंधरापर्यंत एकदापण नाय. पंधराक संध्याकाळी सत्यान मित्राच्या फ्लॉपीवरना ह्या घातल्यान."

तिने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक चिमुकलं घड्याळ सेकंद मोजत होतं. यंत्र सुरू झालं की सगळ्यांच्या आधी तेच आत शिरून जागा धरायचं आणि दुसरं काही उघडलं तरी मागे गुपचूप चालत राहायचं. यंत्राची मेमरी मुळातच तुटपुंजी. उरलेल्या जागेत दुसरा प्रोग्राम मावेना.

तिने सुरुवातीच्या सूचनांची फाइल उघडली, घड्याळाची ओळ पुसली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. पत्रं लिहायचा प्रोग्राम निमूटपणे उघडला. तिने ओळ परत घातली. तोच इंग्रजी नकार. ओळ पुसली. उघडला.

"भिंतीर एवढा मोठा घड्याळ आसा," ती सत्यवानला म्हणाली. "ता दिसूक नाय तुका?"

अक्काने तांब्या खाली ठेवला. "इटाळ असोच. घरात कालवलो की कोणाच्याय हाताक लागता," ती म्हणाली आणि पदराने हात पुसू लागली.

भाई मात्र खूश झाले. वाकून वाकून पडद्याकडे पाहत राहिले. "शाबास गो! हो तर एकदम बरो झालो." मग त्यांनी पेंढ्याची आणखी एक मूठ खोक्यात घातली. "सत्या, दुरुस्तीचो तरास वाचलो. थंय नेलंस काय लगेच कामाक लागात."

"भाई! तुमी म्हटलास, हंयच रवांदे."

"म्हटलंय. तेव्हा तो बिघडललो होतो." भाईंच्या आवाजात जराही खोट नव्हती. त्यांना ते खरंच पटलं होतं. "आता बरो कंप्युटर हंय ठेवन काय करतलंस? आज ना उद्या लगीन होऊन जातलंस."

सुनीतीचा हात पुन्हा प्लगकडे गेला आणि तिथेच थांबला.

सत्यवानने आळस दिला. "सुनी, जायच्या आधी ते घड्याळ परत घाल हां. मित्रांना दाखवायचंय."

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग भाईंकडे. घड्याळ परत घातलं की काय होणार, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"घाल गो," अक्का म्हणाली. "मागता तो एवढ्या."

सुनीती खुर्चीत बसली. घड्याळाच्या नावाची पाच इंग्रजी अक्षरं तिने एकेक करून दाबली. फ्लॉपी खरखरली. कोपऱ्यात सेकंद धावू लागले.

तिने वही ओढली. 'एकवीस तारीख, तीन सेहेचाळीस. घड्याळ परत घातलं, सत्यवानच्या सांगण्यावरून.' मग पेन आणि वही त्याच्यापुढे धरली.

"सही कर."

त्याने न वाचताच केली.