काढ्यावरचा पोट्टा

“हा माया काढ्यावरचा पोट्टा हाये!” रूपरावजी दवाखान्याच्या रांगेतल्या अकराव्या माणसाला सांगत होते. “सकाळी चार किलोमीटर पळते. छाती पाहा त्याची!”

त्यांचा बारा वर्षांचा नातू नयन लाजून चपलेनं फरशी घासत राहिला. त्याच्या आईनं, आचलनं, पदराआड हसू दाबलं. सासऱ्याशी ती समोरासमोर बोलत नसे. आंजीतल्या त्यांच्या घराची रीतच तशी. सांगायचं ते नयनच्या तोंडून, आणि नयन नव्हता तेव्हा नवऱ्याच्या. पण हसायला कोणाची परवानगी लागते?

नयन पोटात असताना, पाचव्या महिन्यात तिचा बीपी चढला होता. सेवाग्रामच्या याच दवाखान्यानं गोळ्या लिहून दिल्या. रूपरावजींनी ती चिठ्ठी भर अंगणात, काढा न्यायला आलेल्या लोकांसमोर टराटरा फाडली.

“वैद्याच्या घरात इंग्रजी गोळ्या? लोकं हासतीन मले!”

मग दर पंधरवड्याला मंगळवारी ते जडीबुटी आणायला वर्धेला जात. त्याच संध्याकाळी गावातली आशा सेविका कुंताबाई मेथीच्या जुडीत गोळ्या लपवून आणी.

“सासऱ्याले पत्ता लागू देऊ नोको, बाई,” ती दर खेपेला बजावी.

आचल गोळी गिळी आणि काढा कढीपत्त्याच्या बुडाशी ओती. बीपी ताळ्यावर राहिला, बाळंतपण सुखरूप झालं. साऱ्या गावाची नाडी ओळखणाऱ्या वैद्याला आपण एकटीनं गंडवलं, याचा तिला कोण अभिमान!

आता दवाखाना तेव्हा गरोदरपणी बीपी चढलेल्या बायांच्या पोरांची हृदयं तपासत होता. घरी बोलावणं आलं तसे रूपरावजी धोतर झटकून उठले होते. “चला, काढा काय करते ते दाखवू त्याईले!”

आचलला मात्र धास्ती होती. चोरून खाल्लेल्या गोळ्यांनी लेकराच्या काळजाला काही केलं असलं तर? तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. सारा दोष तिच्या एकटीचा.

नयनचं नाव पुकारलं गेलं. रूपरावजी बाहेरच थांबले. आत डॉक्टर सरोजिनीबाईंनी त्याच्या छातीवर बराच वेळ मशीन फिरवलं.

“उत्तम आहे हृदय. बीपीही छान.”

“गोळ्यायनं काही बिघडलं नाई ना, मॅडम?”

“काही नाही. उलट तेव्हा बीपी वाढू दिला असता, तर तुम्हा दोघांच्या जिवावर बेतलं असतं.”

आचलला रडू फुटलं. तिनं लेकाला छातीशी घट्ट धरलं. असा पोरगा आपण राखला! मग तिनं डोळे पुसले आणि दाराकडं पाहत आवाज हळू केला.

“हात जोडते मॅडम, गोळ्यायचं मामाजीले सांगू नका. जलमभर काढ्यावर नाव कमावलं त्याईनं. त्याईची मान खाली नाई झाली पाह्यजे.”

डॉक्टरांनी तिच्याकडं जरा रोखून पाहिलं.

“इथून तुमच्या गोळ्या कोण नेत होतं, माहीत आहे?”

“हो ना, आमची कुंताबाई.”

डॉक्टरांनी जुनं रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि ते तिच्यापुढं सरकवलं. आचलच्या नावाखाली नऊ तारखा होत्या. नऊही तारखांपुढे गोळ्या नेणाऱ्याची एकच वळणदार सही होती: रूपराव उरकुडे. नातं, सासरा.