अकरा वह्यांवरच्या सह्या

“आता सांगतो ते तुमच्यापैकी एकालाही पटायचं नाही,” जहामान म्हातारा बाकावरून उठत म्हणाला, “पण त्या सह्या माझ्याच आहेत.”

तोबा सरोवराकाठच्या त्या चर्चमध्ये कुजबुज झाली. उपासना कधीच संपली होती, पण घरी कुणी गेलं नव्हतं. पाळकांसमोर रुगुन मान खाली घालून उभी होती. शाळेत ख्रिस्ती धर्माचा तास घेणारी ही बाई. तिच्या वर्गातल्या पोरांनी दर रविवारी पहाटे मुलांच्या उपासनेला जायचं आणि ती घेणाऱ्या वडीलधाऱ्याची, म्हणजे जहामानची, वहीवर सही आणायची, असा नेम होता. एका रविवारच्या अकरा सह्या खोट्या निघाल्या. पोरांना विचारलं, तर पोरं नुसती बाईंकडे बघत राहिली. बाईंनी लगेच कबूल केलं, “मी केल्या.” का केल्या, ते मात्र ती सांगेना. चर्चच्या मंडळीनं चारित्र्याचा दाखला दिला नाही, तर सोमवारपासून तिची शाळेतली नोकरी गेली.

“ही सही तुमच्या सहीसारखी दिसत नाही,” पाळक म्हणाले.

“दिसेल कशी? नावेत केलीय! प्रभूनं नावेतून उपदेश केला, म्हटलं आपणही करावा. पोरांना घेऊन तोबा सरोवराच्या मधोमध गेलो, आणि वारा सुटला. लाटा अशा, की माझा एक पाय नावेत, दुसरा ढगात!”

“आणि वह्या?” कुणीतरी खुसखुसलं.

“दातात! पेन माशानं गिळलं. शेपटीला धरून उलटा केला, तेव्हा कुठे ओकला. अक्षर थरथरणारच की!”

सगळे हसले. जहामाननं घाम पुसला. रुगुनकडे त्याला बघवेना. पोर खोटं बोललं तर ही ओरडत नसे. ते खरं बोलेपर्यंत त्याच्या शेजारी बसून राही.

“मग ती स्वतःवर का घेते?” पाळकांनी विचारलं.

“पोरांना वादळात नेलं म्हणून आयाबाया मला झोडपतील ना! म्हाताऱ्याला सांभाळते बिचारी.”

“बाबा, नको,” रुगुन पुटपुटली.

“तू गप्प गं!”

पाळकांनी कोरा दाखला घडी करून खिशात ठेवला. “हसवलंत खरं. पण असल्या गोष्टीवर दाखला देता येत नाही, जहामान.”

तशी शेवटच्या बाकावरून ताडीच्या गुत्त्याची मालकीण तियोडोर ताडकन उठली.

“ए जहामान, कसली नाव नि कसला मासा! त्या पहाटे तू माझ्या गुत्त्यात पिऊन आडवा होतास, चर्चची किल्ली कमरेला. पोरांना पायरीवर बसवून उपासना घेतली ती या पोरीनं, आणि वर माझे पाय धरले, की म्हाताऱ्याचं नाव कुठे काढू नकोस!”