दोन पावलं मागे

सव्वापाच वाजता ओरेस्ते पानीत्सा फाउस्तोच्या बारमधून उठला आणि कोणाचाही निरोप न घेता बाहेर पडला.

गिल्दो बारांकाने हातातले पत्ते टेबलावर टाकले, टोपी चढवली आणि त्याच्या मागे निघाला.

"अरे, डाव जिंकत होतास की!" फाउस्तो गल्ल्यामागून ओरडला.

"तो निघाला," गिल्दो म्हणाला.

"सामना संपून पन्नास वर्षं झाली, लेका! आता तरी सोड त्याला!"

बार हसला. गिल्दोला त्या हसण्याची सवय होती.

नदीवरून धुकं गावात शिरत होतं. गिल्दो दोन पावलं मागे, भिंतीच्या बाजूने चालत होता. उमेदीची वर्षं त्याने फुटबॉलच्या पहिल्या विभागात हेच काम केलं होतं. समोरच्या संघाचा एक माणूस त्याच्या हवाली करायचे आणि सामना संपेपर्यंत त्या माणसाची सावली व्हायचं. चेंडू कुठेही असो. चेहऱ्याकडे बघायचं नाही, पायांकडेही नाही. कमरेकडे बघायचं. पाय फसवतात, कंबर फसवत नाही.

चौकात ओरेस्तेने डावा खांदा टाकला आणि उजवीकडे वळला. गिल्दो फसला नाही.

रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांपाशी ओरेस्ते थांबला. गिल्दो शेजारी येईपर्यंत थांबूनच राहिला.

"आहेस का अजून?"

"तू जाशील तिथे."

"तोंडाला लसणाचा वास येतोय तुझ्या. तेव्हाही यायचा."

"म्हणून तर पळायचास."

मागच्या हिवाळ्यात पुलावर काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत होतं. पहाटेची वेळ, हाडं गोठवणारी थंडी, पायात घरातल्या सपाता. नशीब, पाववाल्याच्या गाडीचे दिवे वेळेवर पडले. ते आठवलं की गिल्दोच्या पायांना अजून गारठा जाणवायचा. तेव्हापासून त्याच्या मुलीने, लिदियाने, बजावून ठेवलं होतं, "बाबा, ओरेस्तेकाकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही." कोटाच्या खिशात तिने तिचा फोन नंबर लिहिलेलं कार्डही घालून दिलं होतं.

ओरेस्तेचं डोकं ठिकाणावर नाही, हे गिल्दोला सांगावं लागत नव्हतं. त्याचं घर स्टेशनजवळ. तरी रोज संध्याकाळी तो उलट्या दिशेला चालत सुटायचा आणि नेमका गिल्दोच्याच दाराशी येऊन थांबायचा.

गिल्दोच्या हातून तो एकदाच निसटला होता. तुरिनमधला सामना, बरोबरी, शेवटची काही मिनिटं. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक वर प्रेक्षकांत येऊन बसले होते, आणि ते गिल्दोला बघायला आलेत असं वर्तमानपत्रांनी छापलं होतं. ओरेस्तेच्या संघाला कॉर्नर मिळाला. ओरेस्ते त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "गिल्दो, तिकडे बघ. इनेस कोसळली."

इनेस गिल्दोची बायको. लिदिया तेव्हा तिच्या पोटात होती.

गिल्दोने मान वळवली. इनेस तिच्या जागेवर बसून संत्रं सोलत होती. त्याने मान परत आणली तेव्हा चेंडू जाळ्यात होता.

त्या गोलनंतर ओरेस्तेला देशाची निळी जर्सी मिळाली. गिल्दोला पुढच्या हंगामात खालच्या विभागात विकलं. तिथेही तो चांगलाच खेळला, पण बघायला कोणी वर येऊन बसलं नाही.

फाट्यापाशी पुलाचे दिवे लागले होते. धुक्यात ते पिवळे, मऊ दिसत होते. गिल्दो बघत राहिला.

मग त्याच्या लक्षात आलं, पुढे कोणी नाही.

पुन्हा मान वळवली होती. एवढ्या वर्षांनी पुन्हा तीच चूक.

"ए सावली!" धुक्यातून आवाज आला. "निसटलो बघ!"

गिल्दो आवाजाच्या रोखाने धावला. म्हणजे त्याच्या वयाला जमेल तसा. ओरेस्ते कोपऱ्यावर उभा होता, कमरेवर हात ठेवून, चेहरा पांढराफटक.

"नदीकडे जायचं नाही," गिल्दो धापा टाकत म्हणाला. "किती वेळा सांगायचं तुला?"

"नाही जात."

"हात दे."

ओरेस्तेने हात दिला. तसेच ते दोघे काही वेळ चालले.

"गिल्दो, त्या दिवशी इनेसचं नाव घ्यायला नको होतं मी."

"खेळात चालतं ते."

"नाही चालत."

"मान मी वळवली. मान वळवायची नसते." गिल्दोने त्याच्या हातावर थोपटलं. "आणि इनेसने तुला केव्हाच माफ केलंय. आत येऊन विचार हवं तर."

ओरेस्तेने त्याचा हात आणखी घट्ट धरला.

लिदियाने दार उघडलं. गिल्दोने ओरेस्तेला पुढे केलं, दंडाला धरून, जिंकलेली वस्तू दाखवावी तसं.

"आणला बघ. एक क्षण सोडला नाही."

"शाब्बास, बाबा. आत जा, सूप गरम आहे."

गिल्दो आत गेला. जोड्यांच्या नाड्या सोडताना त्याला दारातलं बोलणं ऐकू येत होतं.

"आज उशीर झाला, काका."

"फाट्यावर थांबला होता. दिवे बघत." ओरेस्तेचा आवाज खाली गेला. "सोमवारी मला दाखल करून घेतायत. कमरेचं ऑपरेशन. पुढे किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत. फाउस्तोला विचारून बघ. बार बंद करून तो आणेल रोज."

"मागच्या आठवड्यात तुम्ही आजारी होतात ना, तेव्हा पाठवलं होतं त्याला," लिदिया म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्याही मागे बाबा घरी येत नाहीत."